सहाशे वर्षं ‘जशीच्या तशी’ नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या बायबरी गावच्या दगडी घरांचा पानभर रंगीत फोटो आला होता. आमच्याकडं पेपर तीन हातांतून फिरतो आणि शेवटी डब्यांच्या फळीवर अंथरला जातो. हे पान मात्र मी कापून ठेवलं आहे. फोटो झकास. खालची ओळ खटकली. ‘परीकथेतली ही घरं सहाशे वर्षं जशीच्या तशी उभी आहेत’ असं छापलंय. यातलं ‘जशीच्या तशी’ चूक आहे. ही चूक मला वाचून कळलेली नाही, तिच्यापायी माझ्या घराची एक भिंत नासली. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, तेवढं चालवून घ्यावं.

आधी माझ्याबद्दल. मी चौतीस वर्षं आरेखक म्हणून नोकरी केली, सरकारी इमारतींचे नकाशे काढले, म्हणजे बहुतेक काँक्रीटचेच. राहायला मात्र कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पणजोबांनी बांधलेल्या घरात. वाडा म्हणायला लाजावं एवढं लहान. दोन सोपे, मध्ये हातभर चौक, मागं परडं. जोतं आणि खालच्या भिंती बाहेरून काळ्या घडीव दगडाच्या, आतून पांढऱ्या मातीच्या. वर भेंड्यांची, म्हणजे कच्च्या विटांची माडी, सागवानी खांब, मंगळुरी कौलं.

मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडात स्विंडनला असतो. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडं गेलो होतो, तेव्हा आपल्या फोटोतली हीच घरांची ओळ, आर्लिंग्टन रो, मी डोळ्यांनी पाहिली. कोल्न नावाची एक छोटी नदी आहे. नदी कसली, आपल्याकडं तिला ओढा म्हणतील. तिच्या काठी एकाला एक चिकटून घरं. छपरं इतकी उतरती की पाखी डोक्यावर ओढून बसल्यासारखी दिसतात. दारं बुटकी. पुढं हिरवंगार कुरण. फोटोत दिसत नाहीत ते बसमधून उतरणारे लोक, आणि खिडकीला नाक लावून आत बघू नका म्हणून वैतागलेले राहणारे. हो, त्या घरांत माणसं राहतात.

आता ‘जशीच्या तशी’चं. ही इमारत साधारण १३८० च्या सुमाराची. ती बांधली ती मठाची लोकर साठवायला. परीकथा बाजूला ठेवा, ते गोदाम होतं, आपल्या शाहूपुरीतल्या गुळाच्या वखारीसारखं. सतराव्या शतकात त्यात भिंती घालून, धुरांडी काढून विणकरांची बिऱ्हाडं केली. समोरच्या कुरणाला रॅक आयल म्हणतात, कारण तिथं लाकडी रॅक रोवून लोकर वाळत घालायचे. विणलेलं कापड पलीकडच्या गिरणीत जायचं. इचलकरंजीत मागावर जन्म काढलेल्या माणसाला हे गाव दाखवलं तर तो पहिल्यांदा विचारेल, माग कुठल्या खिडकीखाली ठेवायचे? माझ्या सासऱ्यांनी नक्की विचारलं असतं.

त्या भागाचा दगड चुनखडीचा. आपला काळा दगड लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यांचा त्याहून दहा कोटी वर्षांनी म्हातारा, उथळ समुद्राच्या तळाशी तयार झालेला. जवळ जाऊन पाहिलं तर त्यात बारीक गोल कण असतात, राजगिऱ्याच्या लाडवात दिसतात तसे, एकाला एक चिकटलेले. मी एका कुंपणाच्या भिंतीवरून बोट फिरवलं तर दोन-चार कण बोटाला लागून आले. सौ. म्हणाली, “लोकांची भिंत उकरू नका.” हा दगड खाणीतून निघतो तेव्हा ओला आणि मऊ असतो, वाऱ्यावर पडला की टणक होतो. त्यात लोहाचा अंश असतो, म्हणून रंग मधासारखा. हाच दगड खाली बाथ शहराकडं जाता जाता फिकट होत जातो.

छप्परही दगडाचंच. आपल्या शहाबादी फरशीसारखे पातळ तुकडे, पण लहान आणि ओबडधोबड. ऑक्सफर्डशायरमध्ये स्टोन्सफिल्ड नावाचं गाव आहे. तिथं हे दगड जमिनीखालून काढायचे आणि हिवाळ्यात उघड्यावर ओले ठेवायचे. आतलं पाणी गोठलं की दगड आपोआप थरांत फुटायचा. वाळू दिला तर काम बिघडलं, मग तो फुटायचा नाही. फोडणारा कारागीर म्हणजे थंडी. हा उद्योग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. आज जुनं छप्पर दुरुस्त करायचं तर पडक्या कोठारांवरचे दगड शोधत फिरावं लागतं.

असं एक छप्पर चालू असलेलं मला परत येताना शेजारच्या एका गावात दिसलं. मुलाला गाडी थांबवायला लावली. दोन माणसं होती. एकानं उतरवलेले दगड गवतावर मापाप्रमाणं ओळीत मांडले होते. वळचणीला सगळ्यांत मोठे, आणि आढ्याकडं जाता जाता बोटाबोटानं लहान. त्यांच्यात प्रत्येक मापाला वेगळं नाव आहे. प्रत्येक दगडाला वर एक भोक, त्यात लाकडी खुंटी, आणि त्या खुंटीवर दगड रिपेला, म्हणजे छपराच्या आडव्या लाकडी पट्टीला, अडकवलेला. आपलं मंगळुरी कौल मागच्या नाकानं रिपेला अडकतं, तीच युक्ती.

दुसरा माणूस भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरत होता. त्याच्याजवळ बादलीत पांढरट कालवण होतं, आणि जेवढी भिंत भरून झाली होती तेवढीवर ओलं गोणपाट टांगलेलं. संपादकसाहेब, सात हजार किलोमीटरवर जाऊन मी जे पाहिलं ते गोणपाट. माझे आजोबा परड्याची भिंत बांधताना अस्संच गोणपाट टांगायचे आणि आम्हा पोरांना त्यावर तांब्यानं पाणी मारायला बसवायचे. मी त्या माणसाला विचारलं, “सिमेंट?” त्यानं तोंड असं केलं, जणू मी तांबड्या रश्श्यात साखर घाला म्हणालो. म्हणाला, चुना. फक्त चुना आणि वाळू.

कारण साधं आहे. जुन्या भिंतीला ओल येणारच. जमिनीतून चढते, पावसात भिजते, आतल्या श्वासानं दमटते. चुन्याच्या दरजेतून ती ओल बाहेर पडते आणि वाऱ्यानं सुकते. चुना दगडापेक्षा मऊ, त्यामुळं झीज होते ती चुन्याची. पन्नास-साठ वर्षांनी तो खरवडून परत भरायचा. सिमेंट भरलं की बाहेरची वाट बंद. मग ओल दगडातून निघायला बघते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणजे ती घरं ‘जशीच्या तशी’ असण्यामागं दर पिढीनं केलेली खरवडाखरवड आणि भराभरी आहे. आपल्या फोटोत नेमकी तीच दिसत नाही.

आता माझी भिंत. २००५ च्या पुरात पाणी उंबऱ्याला लागून गेलं. पुढल्या वर्षी मी, नकाशे काढणारा शहाणा माणूस, घर ‘पक्कं’ करायला निघालो. जुन्या दरजा उकरल्या, चुना टिकावाच्या टोकाला लागून भुगा होऊन पडला, आणि मला वाटलं, बघा, सगळं सडलंय. मग सिमेंटच्या उठावाच्या रेघा मारून घेतल्या, प्रत्येक दगडाभोवती चौकट. गल्लीतले लोक थांबून बघायचे. मी पुढं उभं राहून फोटो काढून घेतला. तो अजून अल्बममध्ये आहे. बघवत नाही.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. आमच्या सोप्यात मांडीइतकं पाणी पाच दिवस उभं होतं. ओसरल्यावर गाळ काढला, घर धुतलं, दसऱ्याला रंग दिला. दिवाळीत रंग फुगला. संक्रांतीला चार फूट उंचीपर्यंत पांढरा लोणा फुलला, हात लावला की मिठासारखा हातावर यायचा. होळीच्या सुमारास बोळाकडच्या भिंतीत मी स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पाहिला. सिमेंटची रेघ तशीच कडक, तिच्यामागं मातीची ओली पेंड. सहा-सात महिने झाले होते पूर ओसरून!

काळा दगड पाणी पीत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. पाणी पीत नाही म्हणजेच सोडतही नाही, हे काही मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा आजोबांनी सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. त्या भिंतीला ओल बाहेर टाकायला दरजेशिवाय जागाच नाही. आणि मी तीच बुजवली. इंग्लंडात सिमेंटनं दगड मरतो, आपल्याकडं दगड शाबूत राहतो आणि भिंतीचं पोट मरतं. आपलं दुखणं जास्त वाईट, कारण बाहेरून दिसत नाही. एक दिवस भिंतीला फुगार येतो आणि मग सगळेच म्हणतात, जुनं बांधकाम, जायचंच होतं.

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातले एक मिस्त्री सापडले, तेव्हा वय सत्तरीच्या पुढं. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवर नुसते हातोड्याचे टोले मारून ऐकलं. मग म्हणाले, “साहेब, भिंतीचं तोंड बांधलंय तुम्ही.” कळीचा चुना आणायला लावला, पिंपात विरवला, महिनाभर पाण्याखाली ठेवला. पोत्यातली तयार पावडर आणू का म्हणालो तर म्हणाले, ती पान खायला पण नको. सिमेंटच्या रेघा छन्नीनं एकेक वीत काढल्या. घाई केली तर दगडाची कड उडते. एका भिंतीला सतरा दिवस लागले. भरलेल्या दरजा लोखंडी पट्टीनं दाबायच्या, गोणपाट टांगायचं, आणि पाणी मारायला सौ. आणि मी आळीपाळीनं. वयाच्या पासष्टीत परत तांब्या हातात आला.

पैसे रस्त्याकडच्या एकाच भिंतीपुरते होते. ती २०२१ च्या फेब्रुवारीत झाली. बोळाकडची सिमेंटचीच राहिली. आणि त्याच जुलैत पंचगंगा परत आली, २०१९ पेक्षाही वर. रस्त्याकडची भिंत त्या दिवाळीत वाळली होती. बोळाकडच्या भिंतीवर पुढच्या होळीतही लोणा होता. रस्त्याकडं ऊन जास्त, हे मान्य. एका घराच्या दोन भिंतींवरून सिद्धांत मांडू नये एवढं मलाही कळतं. पण मला कोणती भिंत हवी, ते मला कळलं.

तिकडचं सगळं गोड आहे असंही नाही. ही घरं वाचली त्यामागं त्यांची दूरदृष्टी कमी आणि दारिद्र्य जास्त. एके काळी लोकरीवर तो मुलूख गबर होता. आजही त्यांच्या वरिष्ठ सभागृहाचा सभापती लोकरीच्या गादीवर बसतो, ती त्या दिवसांची खूण. पुढं वाफेची यंत्रं आली, कापडाचा धंदा कोळशाच्या मागं उत्तरेला यॉर्कशायरात गेला. गावात घर पाडून नवं बांधायला कुणाकडं पैसाच उरला नाही, म्हणून जुनं राहिलं. आपल्या पेठांत उलटं झालं. गुंठ्याचा भाव चढला आणि वाडे उतरले.

कायदाही त्यांनी उशिरा केला. १९४७ पासून अशा इमारतींची यादी ठेवतात, आणि यादीतल्या घराला परवानगीशिवाय हात लावणं गुन्हा आहे. विणकरांची ही ओळ त्या यादीत पहिल्या श्रेणीत आहे, ज्या श्रेणीत राजवाडे आणि कॅथेड्रल आहेत. हे मला फार आवडलं. आपल्याकडं नव्या राजवाड्याचं कौतुक सगळे करतात, आणि करावंच. मेजर मँट या इंग्रज वास्तुकारानं आखलेली, १८७७ ते १८८४ मध्ये काळ्या दगडात उभी राहिलेली ती इमारत आहेच तशी. पन्हाळा २०२५ च्या जुलैत जागतिक वारसा यादीत गेला, आम्ही पेढे वाटले. तटबंदीचं बघायला पुरातत्त्व खातं आहे. कोष्ट्याच्या, तांबटाच्या, कुंभाराच्या सोप्याचं बघायला कोण?

पण त्याच इंग्लंडात नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य, आणि यादीतलं जुनं घर दुरुस्त केलं तर वीस टक्के. मुलानं हे सांगितलं तेव्हा मला दोनदा विचारावं लागलं. गाढवपणाला देश नसतो.

एका गोष्टीची मात्र मला भीती वाटते. हल्ली आपल्याकडं ‘स्टोन लूक’ची टूम आली आहे. जुन्या घरात हॉटेल काढतात, आतला गिलावा खरवडून दगड-माती उघडी करतात, वर चकचकीत लॅकर मारतात आणि पिवळे दिवे सोडतात. गिलावा भिंतीचं कातडं असतो, तो सोलायचा नसतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या चर्चांवर हाच खरवडण्याचा प्रयोग चालला होता. बायबरीच्याच जिल्ह्यात ट्यूक्सबरी म्हणून गाव आहे. तिथल्या मोठ्या चर्चचा असा जीर्णोद्धार निघाला तेव्हा इंग्रज कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी मार्च १८७७ मध्ये एका नियतकालिकाला पत्र लिहिलं, आणि त्याच महिन्यात जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था उभी राहिली. ‘खरवडू नका’वाले म्हणून ती ओळखली जायची, अजून चालू आहे. हे घरात मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण पेपरला पत्रं लिहून काय होतं, असं मला अधूनमधून ऐकवलं जातं.

अजून एक. बायबरीजवळच्या चेडवर्थ गावातलं सतराव्या शतकातलं एक दगडी घर मोटारवाल्या हेन्री फोर्ड यांनी १९३० मध्ये विकत घेतलं, दगड न् दगड सुटा केला आणि अमेरिकेत मिशिगनला नेऊन परत उभा केला. आजही तिथं तिकीट काढून बघता येतं. ऐकून हसलो होतो. परवा आमच्याच गल्लीतल्या एका पाडलेल्या घराचे नक्षीचे खांब टेम्पोत चढताना पाहिले, कुठल्याशा फार्महाऊसवर चालले होते. फोर्डनं निदान घर परत उभारलं. हे खांब तिथं बारच्या काउंटरला लागणार आहेत, टेम्पोवाल्यानंच सांगितलं.

आपणाकडं दोन मागण्या आहेत. पहिली, त्या ओळीची दुरुस्ती छापावी. ‘जशीच्या तशी’ऐवजी ‘दर पिढीनं दुरुस्त केलेली’ असं लिहिलं तर जागा तेवढीच लागेल. दुसरी, जिल्ह्यात चुन्याचं काम येणारे गवंडी किती उरलेत, कुठल्या गावी, चुना कुठं मिळतो, याची माहिती आपल्या वार्ताहरांनी गोळा करावी आणि पावसाळ्याच्या आधी छापावी. पावसाळ्यापूर्वी धोकादायक घरांच्या नोटिसा लागतात, त्यांची बातमी आपण दर वर्षी देताच. त्याच पानावर ही यादी आली तर नोटीस हातात पडलेल्या माणसाला पाडण्याखेरीज दुसरा फोन नंबर तरी मिळेल. गडकोटांवर चुना मळायच्या घाणीचं दगडी चाक पडलेलं असतं, पोरं त्यावर बसून फोटो काढतात. ते चाक फिरवलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. आमचे मिस्त्री आता कामावर जात नाहीत, डोळ्यांना दिसत नाही. त्यांचा नातू टाइल्स बसवतो. तो या हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी माझ्याकडं येणार आहे आणि आजोबा खुर्चीत बसून सांगणार आहेत.

माझं नाव कृपया छापू नये. घर सामाईक आहे, भाऊबंदांत बिल्डरशी बोलणी चालली आहेत, उगाच पेपरमधून भांडण नको.

बोळाकडच्या भिंतीसाठी पिंपात चुना विरवून ठेवला आहे. मार्गशीर्षात काम सुरू करू. आपल्या छायाचित्रकारांना पाठवायचं असेल तर जरूर पाठवा, चहा होईल. फोटोत मात्र बहुतेक ओलं गोणपाटच येईल, ते आधीच सांगून ठेवतो.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(निवृत्त आरेखक)
शुक्रवार पेठ, कोल्हापूर